तुटली तेव्हा माझी

स्प्रिंगचा तुकडा टेबलावर आपटला आणि घरंगळत माझ्यासमोर येऊन थांबला.

"हे पाहा," सुधीर सर म्हणाले. "हिच्या हातचं काम."

मालकांची केबिन होती. समोर गिरणीवाले शेठ बसलेले, तुमसरकडचे. या बाजूला आमचे मालक आणि त्यांच्या शेजारी सुधीर सर, डिझाइन विभागाचे प्रमुख. खुर्च्या आणखी होत्या. मला कोणी बस म्हटलं नाही. मी उभीच होते.

शेठ भडकलेले. भडकणारच ना. धानाचा हंगाम ऐन भरात, गिरणीपुढे ट्रॅक्टरची रांग, आणि आमच्या कारखान्यानं बनवून दिलेली धान साफ करायची मोठी चाळणी एका कोपऱ्यातून खाली बसलेली. ही चाळणी चार कोपऱ्यांवर जाड स्प्रिंगांवर उभी असते. सारखी थरथरते, धान पुढे सरकतं, माती आणि काडीकचरा खाली गळतो. एक स्प्रिंग तुटली की सगळं तिरपं. धान एका बाजूनं जमिनीवर वाहतं.

"मशीन बंद पडून राहिली माझी," शेठ म्हणाले. "लोकं हासून राहिले ना भाई मले. नवीन मशीन म्हणून गावभर सांगितलं म्या."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नाव काय तुझं?"

मी नाव सांगितलं.

"पूर्ण नाव."

मी आडनाव सांगितलं.

"अच्छा," शेठ म्हणाले. "अच्छा, अच्छा."

एवढंच. दुसरं काही नाही. पण आमच्या भागात आडनाव सांगितल्यावर समोरच्याचं तोंड कसं बदलतं ते मला शाळेपासून पाठ आहे. आधी राग असतो. राग बरोबरीच्या माणसावर करतात. आडनाव कळलं की राग उतरतो आणि त्याच्या जागी समजूतदारपणा येतो. हां, असं आहे का. मग ठीक आहे. तुझ्याकडून आणखी काय होणार.

सुधीर सरांना तेवढाच धागा पुरला. हसत हसत म्हणाले, "आता शेठ, तुम्हीच समजून घ्या. सरकार यांना ढकलत ढकलत इंजिनियर करून सोडतं. ऑफिसात खपून जातं. मशीन थोडी ना कोटा पाहते!"

शेठ हसले. मालक हसले.

आणि मी हसले.

हो, मी. मान खाली, ओठ जरा फाकवलेले, नाकातून हं-हं. माझ्याच तोंडावर थुंकलं आणि मीच हसले. का हसले, कोणासाठी हसले, मला सांगता येत नाही. कोणी बोट दाखवून हस म्हटलं नव्हतं. ते आपोआप आलं, शिंक येते तसं. आणि येता येता मी ते ओळखलं. हे हसू माझं नव्हतं. बाबांचं होतं.

आम्ही आसगावचे. बाबा पवनीच्या एका राईस मिलमध्ये पोती वाहायचे. आई दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत रोवणा करायची, कापणी करायची. सुट्टीच्या दिवशी बाबा मला सायकलच्या दांड्यावर बसवून मिलमध्ये न्यायचे. मला तिथली चाळणी आवडायची. आख्खं लोखंडी धूड, पण पाय नाहीत. पायांच्या जागी गुंडाळलेल्या जाड सळ्या. बाप्पा, काय नाचायची ती! मला वाटायचं, ही पडत काहून नाही? एवढं वजन, एवढा धिंगाणा, आणि तरी जागच्या जागी.

एके दिवशी मी जवळ गेले आणि कडेला तळहात टेकवला. कोपरापर्यंत झिणझिण्या. मजा आली. दुसरा हातही टेकवला.

"ए पोट्टे! हात काढ!" मिलमालकाचा भाऊ ओरडला. "खायचं धान आहे ते!"

खायचं धान. ते धान आईसारख्या बायांनी चिखलात वाकून रोवलेलं. बाबांसारख्या माणसांच्या पाठीवरून उतरलेलं. पाठ चालते. घाम चालतो. पोरीचा तळहात चालत नाही. पण हे मला आज सुचतंय. तेव्हा मी फक्त बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, बाबा काहीतरी बोलतील. बाबा धिप्पाड होते, गावात त्यांचा आवाज मोठा होता.

बाबा हसले. मान खाली, हं-हं. "पोट्टी आहे जी, समजत नाही तिले." आणि मला दंडाला धरून बाहेर नेलं. "चाल वो, तिकडे बस, झाडाखाली."

त्या माणसाचं तोंड आज मला आठवत नाही. बाबांचं हसू आठवतं. मला राग त्या हसण्याचा आला होता. झाडाखाली बसून मी ठरवलं होतं, मी मोठी होईन आणि या मशीनला कोणाला न विचारता हात लावीन. लहानपणी माणूस काहीही ठरवतो. पण मी ते केलं. डिप्लोमा केला, डिग्री केली, आणि कारध्याच्या पुढे असलेल्या या कारखान्यात लागले. धानाच्या मशिनी बनवतात इथं. आसगावहून सकाळची बस, भंडाऱ्याला उतरायचं, दुसरी गाडी धरायची, वैनगंगेचा पूल ओलांडायचा. पहिल्या दिवशी आईनं ज्वारीच्या भाकरीऐवजी पोळ्या दिल्या डब्यात. म्हणे, ऑफिस आहे.

मला स्प्रिंगांचं काम मिळालं, कारण ते कोणाला नको होतं. कटकटीचं असतं ते. लोकांना वाटतं स्प्रिंग म्हणजे काय, तारेचे वेढे. घ्या, गुंडाळा, झालं. अहो, कायचं झालं! तार जराशी जाड घेतली की स्प्रिंग दगड होते. जराशी बारीक घेतली की लोळते. वेढ्यांचा घेर वाढवला की नरम पडते, वेढे वाढवले तरी नरम पडते, आणि फार उंच केली की मधूनच वाकते. वरून चाळणीची स्प्रिंग दिवसभर मिटते, उघडते, मिटते, उघडते. इतक्यांदा, की तारेवर साधा ओरखडा असला तरी तडा तिथूनच धरतो. हे सगळं एकमेकांत अडकलेलं. एक सोडवायला जावं तर दुसरं गळ्यात पडतं. मला ते आवडायचं. खरं सांगते, जेवताना ताटात बोटानं मी वेढे काढायची. आई म्हणायची, "जेवून राहिली का शाळा करून राहिली वो?"

तुमसरच्या शेठांच्या चाळणीच्या स्प्रिंगांचं डिझाइन मी केलं. हंगामाच्या सुरुवातीला धान ओलं येतं, जड येतं, चाळणीवर एका बाजूला साचतं. ते वजन धरून हिशेब केला. ओलं पोतं उचलताना माणूस कसा वाकतो ते मी लहानपणी पाहिलं होतं. ड्रॉइंगवर खाली स्पष्ट टीप टाकली, स्प्रिंगला कुठेही वेल्डिंग करू नये. कारण गुंडाळून, तापवून, कडक केलेलं पोलाद ते. त्यावर वेल्डिंगचा एक टाका पडला की तेवढी जागा काचेसारखी ठिसूळ होते.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकट असते. डिझाइन कोणी केलं, कोणी तपासलं, त्यांची नावं त्यात येतात. माझ्या ड्रॉइंगवर डिझाइनच्या पुढे नेहमी सुधीर सरांचं नाव यायचं. पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, ग्राहकाला विश्वास वाटला पाहिजे ना." मी म्हटलं, बरं सर. नागपूरच्या प्रदर्शनात त्यांनी स्टॉलवर उभं राहून माझ्याच स्प्रिंगा लोकांना समजावल्या. चांगल्या समजावल्या, खोटं काहून बोलू. मी मागे उभी राहून माहितीपत्रकं वाटत होते. तेव्हाही कोणीतरी विचारलं, या मॅडम काय करतात? सर म्हणाले, "मदत करते." मी तेव्हाही हसले असेन. नक्कीच हसले असेन.

मग दसरा आला.

आमच्या कारखान्यात दसऱ्याला मशिनींची पूजा असते. लेथला हार, वेल्डिंगच्या यंत्राला हळदकुंकू, आणि त्या दिवशी एखादी नवी मशीन मुहूर्तावर गाडीवर चढवायची. दर वर्षीची रीत आहे. आणि त्याच दिवशी आमच्या घरातली माणसं दीक्षाभूमीला जातात. आजोबांपासून जातात. मी रजा मागायला गेले तेव्हा सुधीर सर म्हणाले, "तुझी चाळणी निघणार त्या दिवशी, आणि तू नाही?" मग म्हणाले, "जा. तसंही पूजेत तुझं काय काम."

मी गेले. आईच्या हाताला धरून त्या गर्दीत चालले, ऊन लागलं, पाय सोलले, बरं वाटलं. त्या गर्दीत कोणी आडनाव विचारत नाही.

आणि तिकडे माझ्या चाळणीवर नारळ ठेवलेला होता.

तिकडे काय झालं ते मला केबिनमधल्या त्या दिवसानंतर कळलं. तुटका तुकडा मी उचलून पर्समध्ये टाकला होता. कोणी अडवलं नाही, भंगारच होतं ते. बसमध्ये बसून तो हातात फिरवत राहिले. बसवत नव्हतं. कंडक्टर तिकीट म्हणाला तर मी त्याच्यासमोर स्प्रिंगचा तुकडा धरला. पूल आला, नदी आली, गेली. माझा अंगठा त्या तुकड्याच्या टोकाशी अडकला. तिथं एक फुगीर डाग होता, वाटाण्याएवढा. आणि तुटलं होतं बरोबर त्या डागाच्या कडेवर.

वेल्डिंगचा टाका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळ वेल्डर रामदासभाऊंकडे गेले. त्यांनी तुकडा पाहिला आणि तोंडावरची काच खाली ओढली. काम काही चालू नव्हतं.

"भाऊ, हा टाका कोणी मारला?"

"म्या मारला ताई," काचेच्या आडून म्हणाले. "मले सांगितलं, म्या मारला. गाडीवर चढवताना स्प्रिंगा खालच्या बसायच्या वाटीतून सरकून राहिल्या होत्या. मुहूर्त निघून जाऊन राहिला होता. सर म्हणले, चारही कोपऱ्याले टाके मारून दे, विषय संपव. पंडितजी घड्याळ पाहून राहिले होते."

"ड्रॉइंगवर लिहिलं होतं ना, मारू नका म्हणून."

"लिहिलं होतं. म्या म्हटलंही सराले. ते म्हणले, लिहिणारी कुठे आहे? ती तं गेली नागपूरले."

"हे मालकांपुढे सांगाल?"

रामदासभाऊंनी काच वर केली नाही. "ताई, घरी खाणारी तोंडं आहेत मायी. मले कायले ओढता?"

मी त्यांना दोष देत नाही. तेव्हा दिला होता, मनात. आता देत नाही.

तिथून मी सुधीर सरांच्या टेबलाकडे गेले. पळतच गेले म्हणा ना. मला वाटत होतं, आता सुटला गुंता. चूक सापडली. इंजिनियर माणसाला चूक सापडली की हायसं वाटतं, कोणाची का असेना. मी तुकडा त्यांच्यासमोर ठेवला, डाग दाखवला, टाक्याचं सांगितलं, ते ठिसूळ होण्याचं सांगितलं. एका दमात.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मला माहीत आहे गं."

"काय?"

"शेठनं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला ना, तेव्हाच दिसलं. टाक्यावरच गेली. मी पण इंजिनियर आहे."

मी उभीच्या उभी राहिले. "मग सर, काल केबिनमध्ये तुम्ही..."

"बस." पहिल्यांदा त्यांनी मला बस म्हटलं. मी बसले. आवाज एकदम मऊ झाला त्यांचा. "हे बघ. त्या दिवशी शेठ इथं होते. त्यांच्यासमोर मी टाके मारायला लावले, मुहूर्त साधला, टाळ्या घेतल्या. आता मी कोणत्या तोंडानं सांगू? माझं नाव गेलं की कंपनीचं नाव गेलं. तू एका कागदावर सही कर, डिझाइनमध्ये चूक झाली म्हणून. नोकरीला धक्का लागणार नाही, माझा शब्द."

"पण चूक झालीच नाही सर."

"अगं, समजून घे. माझ्याकडून चूक झाली तर लोक चार वर्षं बोलतील. तुमच्यातल्या कोणाकडून झाली तर कोणाला आश्चर्य वाटत नाही. विसरून जातात. तुझं काय नुकसान आहे त्यात?"

हे ते चिडून नाही बोलले. प्रेमानं बोलले. मला खरंच त्यातली सोय दाखवत होते. जशी जुनी चादर असते घरात, पडलं-सांडलं की पुसायला. चांगली चादर कोण वापरतं?

मी तोपर्यंत समजत होते, यांना माहीत नाही. माझं काम दिसलं की कळेल. अभ्यास करू, जास्त करू, त्यांच्यापेक्षा दुप्पट करू, म्हणजे एक दिवस त्यांचे डोळे उघडतील. सगळं आयुष्य मी त्या एका आशेवर काढलं होतं. आणि त्यांचे डोळे उघडेच होते. त्यांना सगळं दिसत होतं. माझं काम बरोबर आहे हे त्यांना माहीत होतं. मी किती चांगली आहे याचा इथं प्रश्नच नव्हता. त्यांना माझं आडनाव उपयोगाचं होतं, बस.

मला उद्यापर्यंत विचार करायला सांगितलं. उद्या शेठ परत येणार होते.

घरी आले. आई सुपात तांदूळ निवडत होती, बाबा खाटेवर. आता पोती उचलत नाहीत, पाठ गेली. मी चप्पल न काढता सगळं सांगितलं. येरझारा घालत सांगितलं. शेठचं अच्छा, कोट्याची गोष्ट, टाका, सही, सगळं.

ऐकता ऐकता बाबा हसले. मान खाली, हं-हं. "असेच असते ते लोकं. करून टाक सही, पोट्टे. नोकरी तं राहते."

"बाबा, हसू नका!"

मी बाबांवर कधी ओरडले नव्हते. आईचे हात सुपातच थांबले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, ते हसू तसंच तोंडावर राहिलेलं, काढायला विसरल्यासारखं. मग हळूहळू गेलं. त्याच्याखालचा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. फार थकलेला होता.

"त्या दिवशी मिलमध्ये मी हासलो नसतो," बाबा म्हणाले, "तं दुसऱ्या दिवशी पोतं उचलायले मले कोणी बोलावलं असतं? तुया शाळेचं काय झालं असतं वो?"

मला वाटलं होतं, त्यांना तो दिवस आठवत नसेल. त्यांना माझ्याइतकाच आठवत होता. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच वेळी भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

आईनं सूप खाली ठेवलं. "यायनं हासून काढलं," ती बाबांकडे पाहत म्हणाली. "म्या खालमानेनं काढलं. ते तुले काढा लागू नये म्हणून काढलं. आता तूही तेच करशील तं आमी कायले खपलो?"

लोक भाषणात सांगतात, दाबलेली स्प्रिंग उसळते. टाळ्या पडतात. मी स्प्रिंगा करते, मला विचारा. मर्यादेत दाबली तर उसळते. मर्यादेबाहेर दाबली, पुन्हा पुन्हा दाबली, की उसळत नाही. बसते. तुटतसुद्धा नाही, आवाजही करत नाही. नुसती आखूड होते आणि तशीच राहते. मग कितीही मोकळी सोडा, पहिल्या उंचीला येत नाही. बाबा बसले होते. मी बसायला लागले होते. त्या केबिनमधलं हं-हं म्हणजे तेच होतं. आणखी एकदा दाबलं असतं, तर मला ते जाणवलंही नसतं.

सकाळी केबिनमध्ये तीच माणसं, त्याच खुर्च्या. मी एक खुर्ची ओढली आणि बसले. मालकांच्या भुवया वर गेल्या.

कागद टाइप करून तयार होता. डिझाइनमधील चुकीमुळे स्प्रिंग तुटली. डिझाइन करणारी, आणि पुढे माझं नाव. पूर्ण. आडनावासकट. या कंपनीच्या कागदावर डिझाइनच्या पुढे माझं नाव पहिल्यांदा छापलं होतं. इतक्या चाळण्या चालल्या, तेव्हा त्या सरांच्या होत्या. एक तुटली, ती माझी.

"कर बेटा सही," मालक म्हणाले. पेनचं टोपण त्यांनी स्वतः काढून दिलं.

"मी सही करत नाही."

"म्हणजे?"

"नाही करत. स्प्रिंग माझी आहे. टाका माझा नाही."

मी शूर नाही. पण शब्द बाहेर आले होते. मग मी शेठकडे वळले.

"शेठजी, मुहूर्त चुकू नये म्हणून दसऱ्याला तुमच्यासमोर स्प्रिंगांना टाके मारले. मारू नका असं ड्रॉइंगवर लिहिलेलं आहे. बरोबर टाक्यावर तुटली. बाकीच्या कोपऱ्यांवरही टाके आहेत. त्यासुद्धा तुटतील. धान भरून चाळणी चालू असताना तुटतील, आणि बाजूला तुमचा माणूस उभा असेल."

शेठनं सुधीर सरांकडे पाहिलं. सरांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. पण अशी माणसं लवकर सावरतात. हसले.

"पाहा शेठ," म्हणाले. "रजा कोणत्या दिवशी घ्यायची ते यांना बरोबर कळतं. शिकायचं तेवढं नाही शिकले, पण हे शिकले."

शेठ हसले. मालक हसले. आणि मग तिघंही माझ्याकडे पाहू लागले. माझी वाट पाहत होते. रीतच आहे ती. त्यांनी हसायचं, मग आम्ही हसायचं, मग चहा येतो आणि विषय संपतो.

माझ्या नाकाशी ते हं-हं आलं होतं. खोटं नाही सांगत, आलं होतं. मी दात आवळले. मी त्यांच्याकडे पाहत राहिले, एकेकाच्या डोळ्यांत. त्यांचं हसू थोडा वेळ चाललं, मग नुसते ओठ फाकलेले राहिले, मग तेही मिटले.

"ते तुमचं तुम्ही पाहा," शेठ उठत म्हणाले. "मले माझी चाळणी चालू करून द्या." माफी वगैरे कोणी मागितली नाही. माझ्याशी तर ते बोललेसुद्धा नाहीत.

मालक म्हणाले, "उद्यापासून तू स्टोअरमध्ये बसायचं."

नव्या स्प्रिंगा मागवल्या गेल्या. कोणत्या ड्रॉइंगवरून? त्याच. तारेची जाडी तीच, घेर तोच, वेढे तेच. एक रेघ बदलली नाही. चूक होती ना डिझाइनमध्ये? मग बदला ना! नाही बदललं. फक्त टाके नाही मारले. स्प्रिंग बसते ती वाटी खोल करून घेतली. ती चाळणी आज तुमसरकडे दणदणीत चालते. कोपऱ्यातल्या चौकटीत नाव सुधीर सरांचं आहे.

मी स्टोअरमध्ये नटबोल्टच्या पेट्यांमध्ये बसते. त्यांना वाटतं, कंटाळून जाईल. राजीनामा देईल. येता-जाता कोणीतरी विचारतं, काय मॅडम, मन रमलं का? नाही रमलं. मला एका जागी बसवत नाही. हात शिवशिवतात. पण राजीनामा देणार नाही. काढायचं असेल तर त्यांनी काढावं, कारण लिहून काढावं, आणि खाली स्वतःचं नाव टाकावं.

परवा सुधीर सर स्टोअरमध्ये आले. हातात नव्या मशीनचं ड्रॉइंग. इकडेतिकडे पाहिलं, कोणी नव्हतं. पेट्यांवर ड्रॉइंग पसरलं आणि जुन्या मऊ आवाजात म्हणाले, "जरा पाहून सांग ना. ही फार हलते. तार किती जाडीची घेऊ?"

मी पाहिलं. पाहताक्षणी लक्षात आलं, वेढ्यांचा घेर चुकलाय. बोट आपोआप त्या जागेकडे गेलं. मी ते मागे घेतलं. कोपऱ्यातली चौकट पाहिली. डिझाइनच्या पुढे त्यांचं नाव आधीच टाइप केलेलं होतं.

"हे खोडा," मी म्हटलं. "इथं माझं नाव टाका. पूर्ण. मग सांगते."

सर हसले. "तूही ना! मस्करी करतेस."

मी हसले नाही.

ते उभे राहिले, मी बसून राहिले. मग त्यांनी ड्रॉइंग गुंडाळलं आणि गेले. परत येतील, कारण ती मशीन उभी राहणार नाही. आले की मी हेच सांगेन. मालक आले तरी हेच सांगेन. चालली तरी माझं नाव, तुटली तरी माझं नाव. नाव नसेल, तर यापुढे माझ्या हातून तारेचा एक वेढासुद्धा निघणार नाही.

आणि कोणाच्या हसण्यात मी हसणार नाही.